एकही कडी तुटकी सोडली नाही

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग मी सुरू करतो. कारण मधेच कुणी हसलं की माझी गाडी बंद पडते, आणि एकदा बंद पडली की धक्का मारूनही चालू होत नाही. मी मुळात कमी बोलणारा. विरारच्या फुलपाड्याला आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला अजून वाटतं की तळमजल्यावरचा रुपेश मुका आहे. सणासुदीला तो मला खुणांनी शुभेच्छा देतो. मीही खुणांनीच परत करतो. उगाच त्याचा गैरसमज कशाला मोडा?

तर असा मी, आयुष्यात एकदाच, कुणी न सांगता, स्वतःच्या डोक्याने एक मोठं काम केलं. त्या कामाची ही गोष्ट.

वालीवला डॉमनिक अंकलचा गाळा आहे, तिथे मी कामाला. आम्ही सर्किट बोर्ड बनवतो. पंख्याचा रेग्युलेटर उघडा, इन्व्हर्टर उघडा, आत तांब्याच्या रेघारेघांची एक पाटी असते ना, ती. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी छापायची, पत्रा केमिकलच्या टाकीत सोडायचा, नको ते तांबं विरघळतं, हवं ते राहतं. मग त्यावर कथिलाचा मुलामा. सगळी नक्षी चांदीसारखी दिसायला लागते.

या धंद्यात रोग दोनच. दोन रेघा नको तिथे चिकटल्या तर त्याला म्हणायचं शॉर्ट. रेघ मधेच तुटली तर ओपन. शॉर्ट एकवेळ परवडला, ब्लेडने खरवडला की गेला. पण ओपन? डॉमनिक अंकलच्या मते माणसाने रविवारची चर्चमधली मिस्सा चुकवावी, पण बोर्डात ओपन सोडू नये.

ओपन जोडायचं काम माझं. बारीक टोकाची सोल्डरिंग गन घ्यायची, भिंगाखाली तुटलेली जागा शोधायची, केसाएवढा सोल्डर सोडायचा. शाळा नववीत सुटली, पण या कामात हात असा बसला की मी जोडलेली जागा मलाही नंतर सापडत नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढे याच गोष्टीने माझा घात केला म्हणून सांगतोय.

आता जागृती.

जागृती खाडीकडच्या गावातली. घरची केळीची आणि भाजीची वाडी आहे. गाळ्यात आली पॅकिंगला, पण नजर अशी तेज की अंकलने तिला चेकिंगच्या खुर्चीत बसवलं. काचेची छोटी खोली, खालून उजेड मारणारं टेबल, मोठं भिंग आणि मागे जागृती. बोलते आपल्यासारखीच मुंबईची मराठी, पण चिडली की घरची बोली वर येते आणि तिचा ण निघून जातो. तिने ‘पाणी दे’ म्हटलं तर सगळं ठीक. ‘पानी दे’ म्हटलं तर पाणी द्यायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं.

मला ती आवडते. झालं, सांगून टाकलं. तिला सांगितलं का? वेडे आहात का तुम्ही?

दोन वर्षांत आमच्यात झालेलं सगळ्यात मोठं संभाषण असं: ‘रुपेश, जरा सरक, उजेड अडतोय.’ मी सरकलो. त्यावर ती ‘हां’ म्हणाली. ते ‘हां’ मी घरी नेऊन आठवडाभर पुरवलं.

पावसाळ्याआधी एका गिऱ्हाइकाच्या मालात दोन ओपन सुटले. माल परत आला. अंकलने सगळ्यांना गोळा केलं आणि मिस्सेतलं वाचन चालू असल्यासारख्या संथ आवाजात म्हणाला, ‘जागृती, एकदा झालं, माफ. परत झालं तर खुर्ची दुसऱ्याला, तू परत पॅकिंगला.’

तिने दिवसभर भिंगातून मान वर काढली नाही. ती खुर्ची म्हणजे तिच्यासाठी काय आहे, हे गाळ्यात मला जेवढं माहीत होतं तेवढं कुणालाच नव्हतं. कारण काचेच्या पलीकडे बघत बसायचा उद्योग फक्त मीच करत होतो.

आणि मग अनिकेत सर आले.

मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या कॉलेजात अँटिनावर पीएचडी करतात, राहायला विरार वेस्टला. वय माझ्याएवढंच. पण ते ‘सर’ आणि मी ‘ए रुप्या’. पांढरे बूट. वालीवमध्ये पांढरे बूट! आमच्या गल्लीतला चिखल ओलांडून आले तरी पांढरेच. तेव्हाच मला हा माणूस खटकला.

पहिल्या दिवशी ते अंकलशी बोलले ते मी ऐकलं.

‘अंकल, गच्चीवर टीव्हीची थाळी असते ना,’ सर म्हणाले, ‘ती एकाच दिशेला बघते म्हणून तिला एवढ्या लांबचं पकडता येतं. साधा छोटा अँटिना काय करतो? चारी दिशांना ओरडत सुटतो. मला बिस्किटाएवढ्या अँटिनाकडून थाळीचं काम करून घ्यायचंय. एकाच दिशेला, पण लांब.’

‘बिस्किट थाळीचं काम कसं करनार?’ अंकलने विचारलं.

‘त्याच्यापुढे एक खास पाटी लावायची. तिच्यावर बारीक बारीक नक्षी, शंभरावर तुकडे. लहर आली की तिला ते तुकडे वेगवेगळे दिसत नाहीत, सगळी पाटी मिळून एक नवाच पदार्थ आहे असं वाटतं. असा पदार्थ निसर्गात नाही. त्याला मेटामटेरियल म्हणतात.’

अंकलने विचार केला. ‘निसर्गात नाय ते बनवायचं, एवढंच ना? चालेल. वालीवमध्ये कायपन बनतं.’

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नक्षी कशी असणार, तिच्यात काय सांभाळायचं, हे खरं महत्त्वाचं बोलणं झालं चेकिंगच्या खोलीत. आत सर आणि जागृती. बाहेर मी, एक्झॉस्ट पंख्याखाली. तो पंखा चालू असला की काचेपलीकडचा माणूस शिंकला तरी फक्त त्याचं तोंड वाकडं झालेलं दिसतं.

मला काय दिसलं ते सांगतो. आधी जागृतीने सरांसाठी स्टूल पुसलं. फडक्याने. मग सर बसले. मग सरांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून एक गोल केला आणि तिच्यासमोर धरला. मग तो गोल किंचित उघडला. मग तिला खुणावलं, तू करून दाखव. तिनेही दोन बोटांचा गोल केला, किंचित उघडला. सर मान हलवून हसले. तीही हसली.

आता तुम्हीच सांगा, मुलगा मुलीला बोटांनी गोल करून दाखवतो तेव्हा काय दाखवतो? मला तर अंगठी दिसली. तिचं मापसुद्धा ठरलेलं दिसलं.

त्या दिवशी माझ्या हातून सोल्डरिंग गन दोनदा खाली पडली. अंकल म्हणाला, ‘रुप्या, ताप आहे काय?’

पुढच्या आठवड्यात सर तीन वेळा आले. आमची इतर गिऱ्हाइकं हजार बोर्ड सांगतात आणि फोनवर शिव्या देऊन मोकळी होतात. यांच्या सगळ्या मिळून चार पाट्या, त्याही तळहाताएवढ्या, आणि त्यासाठी माणूस दर दोन दिवसांनी हजर! नक्षी छापायची फिल्म बघायला आले. पत्रा बघायला आले. तिसऱ्या वेळी काय बघायला आले ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

त्यात जागृतीमध्ये होणारे बदल मी टिपत होतो. आधी ‘ते कॉलेजवाले सर’ म्हणायची, मग ‘सर’, मग ‘अनिकेत सर’. चहात साखर कमी केली, कारण सर बिनसाखरेचा पितात. आणि एके दिवशी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिने पिशवीतून सुकेळी काढली आणि सरांना दिली. घरच्या केळ्यांची, उन्हात वाळवलेली, पानात बांधलेली सुकेळी. दोन वर्षं मी त्या काचेसमोर बसलोय. मला कधी केळ्याचं सालही मिळालं नाही.

सर खाऊन म्हणाले, ‘वा.’ मला ऐकू नाही आलं, पण ‘वा’ तोंडावरून कळतं.

शेवटी पाट्या तयार झाल्या. मुलामा चढला, जागृतीच्या टेबलावर गेल्या. सकाळपासून ती त्या चार पाट्या घेऊन बसली. एवढ्याशा पाट्यांना एवढा वेळ? भिंगातून बघायची, मग मोबाइलवर काही बघायची, मग हसायची, मग परत भिंग. मी दोनदा काचेपाशी जाऊन आलो. बरं, नियमाने त्या पाट्या चेकिंगनंतर टच-अपसाठी, म्हणजे राहिलेले ओपन जोडायला, माझ्याकडे यायला हव्यात. त्या आल्याच नाहीत. तिने सरळ ‘ओके’च्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि जेवायला गेली.

मला ते फार लागलं. गाळ्यातला प्रत्येक बोर्ड माझ्या हाताखालून जातो आणि फक्त त्यांच्या पाट्या जात नाहीत?

मी आत गेलो. पाट्या उचलल्या. भिंगाखाली धरल्या. मग भिंग पुसून परत धरल्या.

पाटीवर चौकोनी कड्यांच्या रांगा होत्या. मोठ्या कडीत छोटी कडी, अशा जोड्याच जोड्या. आणि प्रत्येक कडी तुटलेली! एकही पूर्ण नाही. मोठी वरून तुटलेली, आतली खालून तुटलेली. चारही पाट्या तशाच. म्हणजे पाटी कसली, ओपनची जत्रा होती ती.

आणि अशा पाट्या जागृतीने पास केल्या होत्या. दोन ओपनसाठी जिची खुर्ची जाणार होती, तिने शेकड्यांनी ओपन सोडले होते. का सोडले? हे सांगायला पीएचडी लागते का? तिचं लक्ष कुठे होतं, ते मी आठवडाभर बघत होतो.

खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. भीती तिच्या खुर्चीची. आनंद याचा, की एवढा पांढऱ्या बुटांचा माणूस, आणि त्याला साधी कडी पूर्ण काढता येत नाही. सुरुवात करतो आणि टोकाला आणून सोडून देतो! आमच्या नववीच्या वर्गातसुद्धा चौकोन सगळे पूर्ण काढायचे.

आता दोन रस्ते होते. एक, जाऊन तिला सांगायचं. म्हणजे तिच्याशी बोलायचं, तेही एकापेक्षा जास्त वाक्यं. दुसरा, गुपचूप सगळे ओपन जोडून टाकायचे. मी दुसरा निवडला. मला तो सोपा वाटला, यावरून तुम्ही माझी परिस्थिती ओळखा.

पाट्या माझ्या टेबलावर आणल्या, जेवणाचा डबा उघडलाच नाही. सगळ्यात बारीक टोक लावलं. एक कडी, एक थेंब. एक कडी, एक थेंब. मान मोडून आली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात हलला नाही. गाळ्यातली माणसं जेवून आली, शेजारी खुर्च्या सरकल्या, जागृती परत येऊन, पाट्या पॅकिंगला गेल्या असं समजून, दुसऱ्या मालाला लागली. मी खालमानेने जोडतोय. कुणी विचारलं नाही, कारण मी रोज तेच करतो. प्रत्येक कडीला मनात म्हणत होतो, जागृती, ही तुझ्यासाठी. आणि मधूनमधून, ही तुमच्या बुटांसाठी, सर.

काम झालं तेव्हा मी पाट्या पुसून उजेडात धरल्या. काय दिसत होत्या म्हणून सांगू! सगळ्या कड्या पूर्ण, सगळं चंदेरी, डाग नाही, फुगवटा नाही. मी स्वतःच बबलच्या पिशवीत बांधल्या.

संध्याकाळी सर न्यायला आले. मी पुढे होऊन पुडकं त्यांच्या हातात दिलं.

‘थँक यू, रुपेश,’ सर म्हणाले. म्हणजे त्यांना माझं नाव माहीत होतं. याचाही मला रागच आला.

जागृती माझ्याकडे बघत होती. ‘तू कधीपासून पॅकिंग करायला लागलास?’

‘असंच,’ मी म्हणालो.

एका शब्दात किती मोठेपणा मावतो बघा. मी घरी गेलो आणि त्या दिवसापासून वाट बघत बसलो. कशाची? कधीतरी तिला कळेल. कुठून कळेल ते मी ठरवलं नव्हतं. पण कळेल, आणि ती काचेचं दार उघडून बाहेर येईल, आणि म्हणेल, ‘रुपेश, तू होतास म्हणून.’ पुढे काय म्हणेल हे मला सुचत नव्हतं, म्हणून मी तेवढंच परत परत ऐकायचो.

दोन आठवडे सर आले नाहीत. ते दोन आठवडे फार चांगले गेले.

मग एके सकाळी आले. बघून मीही चरकलो. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, आणि बूट, तुम्हाला खोटं वाटेल, बूट मळलेले. टेबलावर त्यांनी चार पाट्या ठेवल्या.

‘अंकल, पत्रा मी सांगितला तोच वापरला होता ना?’

‘त्योच. का, काय झालं?’

‘चालत नाही,’ सर म्हणाले. ‘अजिबात चालत नाही. आमच्याकडे एक खोली असते, चारी भिंतींना टोकदार स्पंज लावलेली. तिच्यात अँटिना गोल फिरवायचा आणि कुठल्या दिशेला किती जोर आहे त्याचं चित्र काढायचं. या पाटीने शेंगेसारखं चित्र यायला पाहिजे, एका बाजूला लांब. माझं येतंय बटाट्यासारखं. पाटी लावली काय, न लावली काय, बटाटाच. दोन आठवडे गणितं तपासतोय, चूक सापडत नाही. गाईड म्हणतात, विषय बदल.’

विषय बदल म्हणजे तीन वर्षं पाण्यात, हेही त्यांनी सांगितलं. मला, देवाशपथ, वाईट वाटलं. म्हणजे, वाटायला लागलं होतं. इतक्यात जागृती आतून धावत आली आणि म्हणाली, ‘अनिकेत सर, पाणी घ्या आधी.’ आणि माझं वाईट वाटणं तिथेच थांबलं.

अंकल मात्र गंभीर झाला. ‘जागृती, चेकिंग तू केलं.’

‘हो, अंकल.’

‘बघ परत. इथेच बघ.’

तिने पाटी भिंगाखाली धरली. आम्ही सगळे भोवती. तिने बघितलं, थांबली, पाटी फिरवली, परत बघितलं. दुसरी पाटी. तिसरी. तिचा चेहरा उतरत गेला.

‘काय?’ अंकलने विचारलं. ‘ओपन सुटला?’

‘नाही.’

‘मग?’

‘एकपन ओपन नाही, अंकल.’

ण गेला होता. मी एक पाऊल मागे सरकलो.

‘मग चांगलंच आहे की,’ अंकल म्हणाला.

‘चांगलं नाही. ओपन पाह्यजे होते. सगळे. प्रत्येक कडीला एक गॅप पाह्यजे होता.’

अंकलने आधी तिच्याकडे, मग सरांकडे बघितलं. ‘इतकी वर्षं धंदा केला,’ तो सावकाश म्हणाला, ‘लोक ओपन निघाला म्हणून माल परत आणतात. ओपन नाय म्हणून माल परत आणलेला हा पयला माणूस.’

सरांनी भिंग ओढून घेतलं. बघत राहिले. ‘बंद आहेत,’ ते म्हणाले. ‘सगळ्या बंद आहेत. अहो, त्या गॅपमध्येच सगळी जादू आहे. गॅप नसेल तर ती कडी म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा. मी गणितं तपासत बसलो आणि पाटीकडे कधी भिंगातून बघितलंच नाही. नुसत्या डोळ्यांना काही दिसतच नव्हतं.’

दिसणार कसं? मी जोडल्या होत्या.

अंकल जागृतीकडे वळला. आवाज मिस्सेचा झाला. ‘म्हंजे टाकीत काम बिघडलं आणि तू न बघता ओके दिलंस. मी पावसाआधी काय बोललेलो?’

तिने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. गाळ्यातल्या प्रत्येकाचा हात तिला ओळखू येतो. टाकीत चिकटलेलं तांबं कसं दिसतं आणि रुपेशचा थेंब कसा दिसतो, हे भिंगाखाली तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. तिला कळलं होतं. पण ती नाव घेईना. खुर्चीच्या पाठीवर तिचा रुमाल होता, तो तिने काढून घेतला आणि घडी घालायला लागली.

तो रुमाल बघून माझ्या तोंडातून शब्द बाहेर आले. ‘मी केलं.’

‘तू काय केलंस?’ अंकलने विचारलं.

‘मी जोडल्या. कड्या तुटलेल्या होत्या म्हणून.’

सर माझ्याकडे वळले. रागाने नाही, नवल वाटल्यासारखे. ‘सगळ्या? रुपेश, सगळ्या कड्या, ओळीने, एकाच जागी, एकाच मापाच्या तुटलेल्या? तुला काही वेगळं वाटलं नाही?’

‘वाटलं.’

‘काय वाटलं?’

‘मला वाटलं, तुम्हाला काढता येत नाहीत.’

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. इथे मी थांबायला हवं होतं. पण कमी बोलणाऱ्या माणसाचं एक वाईट असतं, त्याला सुरू व्हायची सवय नसते तशी थांबायचीही नसते. आणि त्याच वेळी अंकलला वाटलं, नीट ऐकू यावं, म्हणून त्याने हात लांब करून एक्झॉस्ट पंख्याचं बटण बंद केलं. सगळा गाळा देवळासारखा शांत झाला. त्या शांततेत माझाच आवाज मला ऐकू आला:

‘जागृतीचं लक्ष नव्हतं म्हणून ओपन सुटले असं वाटलं. तुम्ही आलात की तिचं लक्ष नसतं. स्टूल पुसते. साखर कमी घेते. तिने तुम्हाला सुकेळी दिली. आणि तुम्ही तिला अंगठी दाखवली, मी बघितली, मापासकट.’

पंखा बंद होता हे मी सांगितलं ना? ड्रिलिंगवाला, टाकीवाला, पॅकिंगवाल्या दोघीजणी, सगळ्यांनी ऐकलं. आमच्या गाळ्यात कधी नव्हे ते कुणीही काम करत नव्हतं.

‘अंगठी?’ सर म्हणाले. मग त्यांना आठवलं. त्यांनी दोन बोटांचा गोल केला, किंचित उघडला. ‘ही? ही कडी आहे. हा गॅप. तो बंद झाला की सगळं संपलं, हे मी तिला समजावत होतो.’

‘आनि साखर डॉक्टरने कमी सांगितलीय, माझ्या आईला,’ जागृती म्हणाली. ‘घरात सगळ्यांनीच कमी केलीय, मी पन. आनि सुकेळी मी सगळ्यांना आनली होती. अंकलच्या केबिनमध्ये दोन दिवस पडलेली होती. तू सोडून सगळ्यांनी खाल्ली.’ ती दोन पावलं पुढे आली. ‘माझं लक्ष नसतं? सकाळपासून दुपारपर्यंत एकेक गॅप उघडा आहे का ते बघितलं मी. सरांच्या नक्षीचा फोटो मोबाइलवर, त्याच्याशी ताडून. जे चिकटले होते ते ब्लेडने उघडले. डोळे फुटायची पाळी आली. आनि तू एका दुपारी बसून सगळे बंद केलेस.’

मी सगळं खाली बघून ऐकलं. माझे बूट फार मळलेले आहेत, हे मला तेव्हा दिसलं.

‘मला एकदा विचारलं असतंस तर?’ ती म्हणाली.

‘विचारायला बोलावं लागलं असतं,’ मी म्हणालो.

तिने रुमाल परत खुर्चीवर टाकला. अंकलने तो बघितला, खाकरला आणि म्हणाला, ‘खुर्ची आहे तिथेच राहू दे. या गाळ्यात चेकिंग करायला हीच एक डोकं ठिकानावर असलेली आहे. रुप्या, तुझं काय करायचं ते मी जेवल्यावर सांगतो.’

पण जेवणाआधी सरांनीच सांगितलं. ते परत भिंगावर वाकले होते. एक पाटी झाली की दुसरी.

‘रुपेश, तू एकही सोडली नाहीस?’

‘नाही, सर.’ आता खोटं काय बोलायचं?

‘बाकी कशाला हात लावलास?’

‘नाही. फक्त तुटलेल्या जागा.’

ते उठले, बाहेर गल्लीत जाऊन फोन करून आले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर रंग होता. ‘गाईड मला पहिल्यापासून विचारतायत, जादू त्या गॅपचीच आहे हे सिद्ध कसं करशील? त्याला एकच उपाय. हुबेहूब तशीच पाटी, फक्त गॅप बंद. ती लावली आणि शेंगेचा बटाटा झाला, तर सिद्ध. अशी पाटी मला नंतर वेगळी करून घ्यावीच लागणार होती. ती तर तयारच आहे. इतकी चांगली की दोन आठवडे मलाच कळलं नाही.’

नवीन चार पाट्या झाल्या. जागृतीने तपासल्या. मला त्या वेळी अंकलने मुद्दाम बँकेत पाठवलं. आणि सरांच्या त्या स्पंजच्या खोलीत शेंग आली, लांबलचक. सरांनी चित्र आणून गाळ्यात सगळ्यांना दाखवलं. डावीकडे शेंग, उजवीकडे बटाटा. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी जागृतीला विचारलं काय लिहिलंय. हो, विचारलं. तेवढा फरक माझ्यात पडलाय.

तिने वाचून सांगितलं, ‘तपासणी, जागृती. बिघाड, रुपेश.’

माझ्या आईने त्याची प्रिंट काढून घरात लावली आहे. तिला इंग्रजी येत नाही, आणि मी काही बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चला, सगळ्यांचं भलं झालं. ऐका. सरांचा विषय वाचला, म्हणजे कामही वाढलं. आता एकच नक्षी नाही, वेगवेगळ्या मापाच्या कड्या आहेत, आणि गाईडना प्रत्येकीचा पुरावा पाहिजे. म्हणजे प्रत्येक नक्षीच्या दोन पाट्या, एक उघडी आणि एक बंद. दोन्ही आधी जागृतीने तपासायच्या, सरांनी तिच्याशेजारी बसून ताडून बघायच्या, आणि मग त्यातली एक माझ्याकडे यायची.

ज्या माणसाचं येणं मला थांबवायचं होतं, तो पूर्वी चार पाट्यांसाठी यायचा. आता आठवडाभर तळ ठोकून असतो. काचेच्या आत दोन डोकी एका भिंगावर वाकलेली असतात. बाहेर पंख्याखाली मी असतो, आणि एकेक कडी माझ्याच हाताने जोडत असतो; एक पाटी पूर्ण झाली की सर पुढची नक्षी घेऊन परत हजर.